हलक्या हाताने

ट्रिमर भिंतीवर आदळल्याचा आवाज आला तेव्हा नलिनी स्वयंपाकघरात तांदूळ धूत होती. ओल्या हातांनीच ती बाहेर धावली. ब्युरोने पाठवलेला दशरथ पलंगाशी ओठ दाबून उभा होता आणि त्याच्या बोटांच्या फटीतून रक्त येत होतं. पलंगावर तिचे यजमान, चंद्रप्रकाश, उशीला टेकून बसले होते. डावी मूठ अजून आवळलेली, एका गालावरची दाढी निम्मी उतरलेली, दुसऱ्यावरची तशीच. आणि डोळ्यांत तो जुना जाळ, जो पाहिला की या घरातली माणसं वर्षानुवर्षं आवाज बंद करत आली होती.

दशरथ काही भडकला नाही. पन्नाशीचा माणूस, आजाऱ्यांची कामं करून मुरलेला. बेसिनवर जाऊन त्याने ओठ धुतला, फुटलेल्या ट्रिमरचे तुकडे गोळा केले आणि मग नलिनीला बाजूला घेऊन म्हणाला, "काकी, मी भरवीन, साफ करीन, उठवीन-बसवीन, सगळं करीन. पण यांच्या तोंडाला मशीन लावायला मला सांगू नका. उद्या डोळ्यावर बसली तर माझी वाट लागेल." त्याचं काही चुकत नव्हतं. नलिनीने मान हलवली आणि त्याला हळद घातलेलं दूध करून दिलं.

दिवाळी झाली आणि चंद्रप्रकाशना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. भांडुपच्या कारखान्यात पाळीप्रमुख असताना ज्यांच्या आवाजाने यंत्रावरची माणसं दचकायची, त्यांच्या तोंडात आता मोजके शब्द उरले होते. तेही मुंबईचे नव्हेत, लहानपणीचे, कणकवलीकडचे. नाय. पाणी. गरम. एवढ्यावर ते दिवस ढकलत. शब्द मिळाला नाही की डावा हात चाले.

दाढी हे त्या हात चालण्याचं मोठं निमित्त झालं होतं. एक दिवसाची खुंटं घेऊन हा माणूस कधी दाराबाहेर पडला नव्हता. मुलुंडच्या या घरात राहायला आल्यापासून रोज सकाळी खिडकीजवळच्या खिळ्यावर आरसा लागे. पुढ्यात पाण्याचा मग, ब्रश, गोल डबीतला साबण आणि पोलादी सेफ्टी रेझर. दाढी उरकेपर्यंत घरात रेडिओ नाही, बोलणं नाही. पाणी बोटाला चटका बसेल असंच लागे. जरा निवलेलं असलं की "गरम!" अशी हाक यायची आणि शेजारच्या घरातलं पोरसुद्धा उठून बसायचं. निवृत्त झाल्यावर मुलाने, नितेशने, बॅटरीवरचा ट्रिमर आणून दिला. रेझर एका फडक्यात गुंडाळून माळ्यावर गेला. ट्रिमर त्यांना कधी मनापासून आवडला नाही, पण हात थरथरायला लागले होते, म्हणून चालवून घेत. झटक्यानंतर मात्र कानाजवळ ती घरघर सुरू झाली की त्यांच्या अंगात कोणीतरी संचारल्यासारखं व्हायचं.

त्यात मानेवर पुरळ उठलं. ट्रिमरने दाढी नीट उतरत नव्हती, कातडीच्या वळ्यांत केस राहत, तिथे फोड येऊन पू धरायला लागला. कातडीच्या डॉक्टरीणबाई घरी येऊन बघून गेल्या. वयाने नितेशपेक्षाही लहान, पण समजावून सांगणाऱ्या. हे यंत्र बंद करा म्हणाल्या. साबणाचा भरपूर फेस करून जुन्या पद्धतीच्या एका पात्याच्या रेझरने, केसांच्या दिशेने, हलक्या हाताने दाढी करा, वर मलम लावा, बरं होईल. मग औषधांची पिशवी उलटी करून त्यांनी गोळ्या पाहिल्या आणि जरा थांबल्या. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. कापलं तर रक्त लवकर थांबणार नाही, म्हणाल्या. घाबरायचं नाही, दाबून धरायचं. पण मानेजवळ जपा.

नाक्यावरचा अण्णा न्हावी पूर्वी एकदा येऊन गेला होता. चंद्रप्रकाशनी त्याचं मनगट असं पकडलं होतं की सोडवायला दशरथ लागला. आता नलिनी पुन्हा दुकानात गेली तेव्हा अण्णाने हात जोडले. हलणारा माणूस, पातळ रक्त आणि हातात ब्लेड, हे आपल्याच्याने होणार नाही म्हणाला. मग तिचा चेहरा बघून त्याने तिला खुर्चीजवळ बोलावलं आणि स्वतःच्या गालाला फेस लावून दाखवलं. ब्रश गोल गोल फिरवायचा, घाई करायची नाही, केस मऊ झाले पाहिजेत. डाव्या हाताने कातडी ताणायची, रेझर तिरका धरायचा, थोडं थोडं करत उतरायचं. "आणि वहिनी, जोर नाय लावायचा," तो म्हणाला. "जोर लावला की कापलंच."

आणखी एक गोष्ट होती, जी नलिनीने अण्णाला सांगितली नाही, डॉक्टरीणबाईंनाही नाही. नितेशने बदलापूरकडे एक केंद्र पाहून ठेवलं होतं. तिथे अशा आजाऱ्यांना कायमचं ठेवून घेत. नितेश बायकोबरोबर, श्वेताबरोबर, घोडबंदरला राहायचा, दर रविवारी यायचा, आणि आल्यावर वडिलांच्या खोलीच्या उंबऱ्यावरूनच त्यांना बघायचा. "आई, तू मरशील अशाने," तो तिला म्हणाला होता, आणि केंद्राचं नाव काढलं होतं. त्या रात्री नलिनीला किती महिन्यांनी गाढ झोप लागली. सकाळी जाग आल्यावर त्या झोपेचीच तिला लाज वाटली. पण केंद्रवाल्यांची एक अट होती. मानेवरचं पुरळ बरं झाल्याशिवाय ते घेणार नव्हते, इतरांना लागण होते म्हणून. म्हणजे माणूस घराबाहेर पाठवायचा तर आधी त्याची दाढी नीट करायला हवी होती. आणि ती करायला आता नलिनीशिवाय कोणी उरलं नव्हतं.

तिने स्टूल लावून माळ्यावरून रेझर काढला. साबणाचा थर जुन्या टूथब्रशने घासून काढला, नवीन ब्लेड चढवलं. आयुष्यभर तिने घरी साड्यांना फॉल-बीडिंग केलं होतं. सुई, कात्री, पातं, कशाची तिला भीती नव्हती. पण हा रेझर या घरात तिने फक्त पुसून ठेवला होता. हातात धरून चालवला कधीच नव्हता. आधी स्वतःच्या हातावर फेस लावून तिने तो फिरवून पाहिला. बारीक लव उतरली, कातडी शाबूत राहिली.

दशरथ यायच्या आधीची सकाळची वेळ तिने धरली. बाजूची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली होती. तिथलं खांब ठोकायचं यंत्र नाश्त्याच्या सुमाराला सुरू व्हायचं आणि मग खिडकीच्या काचा हलायच्या. त्याच्या आत उरकायचं होतं. तिने चंद्रप्रकाशना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, कमरेला ओढणीने हलकं बांधलं, गळ्यात टॉवेल खोचला. ते तिच्याकडे बघत नव्हते. बाहेर बघत होते.

ब्रश ओला करून तिने साबणावर घोळवला आणि गालाला लावला, तशी त्यांची मान एकदम ताठ झाली. नलिनी थांबली. पण हात उठला नाही. साबणाचा वास खोलीत पसरला आणि त्यांच्या नाकपुड्या हलल्या. तिने ब्रश फिरवत ठेवला. गालावर, हनुवटीवर, कानाच्या पाळीखाली. हळूहळू खांदे खाली आले. डोळे मिटले. दुसऱ्या गालाची पाळी आली तेव्हा त्यांनी आपणहून तोंड वळवलं. इतक्या वर्षांच्या संसारात नलिनीने हा चेहरा इतक्या जवळून, इतका वेळ कधी पाहिला नव्हता. डाव्या भुवईत एक जुना व्रण होता. तो कशाचा, तिला ठाऊक नव्हतं.

रेझर कानशिलाजवळून खाली आला, तसा केस कापल्याचा बारीक खरखरता आवाज झाला. चंद्रप्रकाशनी डोळे उघडले. आपला रेझर तिच्या हातात आहे हे त्यांनी पाहिलं. आधी रेझरकडे, मग तिच्याकडे. आता मूठ येणार, असं धरून नलिनीने श्वास रोखला. मूठ आली नाही. ते फक्त बघत राहिले, आणि त्यांच्या बघण्यात काय आहे ते तिला नीट उमजेना. मग तिला कळलं. ते घाबरले होते. तिला घाबरले होते.

ती दुसऱ्या बाजूला आली. हनुवटीखालची कातडी ताणली. तिथली शीर बोटाखाली उडत होती. पातळ कातडी, खाली ती शीर, आणि हातात पातं. एवढंसं, तिच्या मनात आलं. फक्त एवढंसं. कोणी काही म्हणणार नाही, डॉक्टरीणबाईंनी सांगूनच ठेवलंय.

तिने रेझर मगमध्ये टाकला आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. नळ सोडून तिने तोंडावर पाणी मारलं. हे आपल्याच डोक्यात आलं, दुसऱ्या कोणाच्या नाही, हे तिने स्वतःशी कबूल केलं. बाहेर ते अर्ध्या दाढीने, फेस वाळत असताना, खुर्चीला बांधलेले बसले होते. त्यांना ओरडताही येत नव्हतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि परत आली. वाळलेल्या जागी पुन्हा फेस लावला. हात आता स्थिर होता.

जबड्याच्या काठाशी आली असेल-नसेल, तेवढ्यात खाली धाडकन आवाज झाला. त्या दिवशी यंत्र लवकर सुरू झालं. काच थरथरली, चंद्रप्रकाश दचकले, मानेला हिसका बसला. पांढऱ्या फेसात आधी एक लाल रेघ उमटली आणि बघता बघता ती पसरली.

नलिनीने तुरटी दाबली. रक्त थांबेना. तिने टॉवेलचं टोक गुंडाळून जबड्याखाली तळहाताने घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताने त्यांचं डोकं आपल्या पोटाशी टेकवून घेतलं. खाली यंत्र ठोकत होतं. प्रत्येक ठोक्याला ते आक्रसत, आणि ती दाबून धरी. दाबून धरा, घाबरायचं नाही. किती वेळ असं उभं राहावं लागणार होतं कोण जाणे. आणि त्या उभं राहण्यात, काहीही न ठरवता, ती बोलायला लागली.

"नितेश बालवाडीत होता तेव्हाची गोष्ट," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पाणी निवलं म्हणून तुम्ही ओरडलात. मी उकळतं आणून दिलं. तुम्ही बोट घातलंत, चटका बसला, आणि पाण्याचा मग तसाच फेकलात. माझ्या हातावर पडला. शेजारी मी पेज सांडली म्हणून सांगितलं. डॉक्टरला तेच, माझ्या आईला तेच. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, काय गो, भाजलं काय तुला." तिने टॉवेल आणखी दाबला. "मी वाट बघत होते. खूप वर्षं बघत होते."

चंद्रप्रकाशचे ओठ हलले. फेसातून शब्द फुटायला वेळ लागला.

"ग… गरम."

नलिनीचं अंग कडक झालं. आजही. असं सगळं ऐकून, रक्त वाहत असताना, आजही याला पाणी गरम हवं. तिचा तळहात मानेवर आपोआप आवळला. तेवढ्यात त्यांचा डावा हात वर आला. तिने डोळे मिटून घेतले, पण फटका बसला नाही. हात तिच्या मनगटावर आला, चाचपडला, बांगड्या वर सरकवल्या आणि आतल्या त्या सुरकुतलेल्या, गुळगुळीत कातडीवर अंगठा टेकला.

"गरम," ते पुन्हा म्हणाले. हाक मारायचे तसं नाही. अगदी खालच्या आवाजात, लहान पोराने मोठ्यांना काही दाखवावं तसं. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी निघालं आणि गालावरच्या फेसात वाट करत खाली आलं. म्हणजे त्यांना माहीत होतं. जागासुद्धा माहीत होती.

नलिनीने त्यांचे डोळे पुसले नाहीत. झालेलं काही त्याने पुसलं जाणार नव्हतं, आणि ते पुसलं जावं असं तिला वाटतही नव्हतं. पण इतकी वर्षं ती एकटीच ते धरून बसली होती, तसं आता राहिलं नव्हतं. रक्त थांबेपर्यंत ती तशीच उभी राहिली. त्यांचा अंगठाही तिथेच राहिला. मग तिने ब्लेड धुतलं आणि उरलेला गाल पुरा केला. मानेची वेळ आली तेव्हा चंद्रप्रकाशनी आपली हनुवटी आपणहून वर उचलली.

त्यानंतर एक दिवसाआड तिने त्यांची दाढी केली. पुरळ हळूहळू मावळलं, खपल्या धरल्या, गळून पडल्या. ट्रिमर बंद झाला तसे ते दशरथच्या हातून मुकाट्याने जेवायलाही लागले. हात उगारणं एकदम थांबलं असं नव्हे, पण उगारलेला हात आता कधीकधी मध्येच थबके. नलिनी मऊ झाली होती असंही नाही. एखाद्या दिवशी तिला त्यांच्याकडे बघवायचं नाही आणि ती एक शब्द न बोलता दाढी उरकायची.

मधल्या एका दुपारी तिने केंद्रात फोन केला आणि एकच विचारलं, तुमच्याकडे दाढ्या कोण करतं. फोनवरच्या बाईने चांगल्या आवाजात सांगितलं, माणूस येतो, मशीनने सगळ्यांच्या एकदम करून टाकतो. आणि जे बसत नाहीत? त्यांना थोडं धरावं लागतं, म्हणाली.

रविवारी नितेश आला तो केंद्रात जागा झाल्याची बातमी घेऊनच. बुधवारी गाडी येईल म्हणाला. नलिनीने त्याला चहा दिला, समोर बसली आणि हे कुठे जाणार नाहीत असं सांगितलं. नितेशला आधी राग आला. आयुष्यभर तू यांचं ऐकलंस, आता बोलता येत नाही तरी ऐकतेयस, असं तो म्हणाला. तिने त्याला पुरतं बोलू दिलं.

"ऐकत नाहीये," मग ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात मी लतामावशीकडे जातेय, कणकवलीला. पंधरा-वीस दिवस. तिला कळवलंय. तू आणि श्वेता इथे येऊन राहा. जेवण-खाण दशरथ बघेल. दाढी तुला करायला लागेल."

आई एकटी कुठे गेल्याचं नितेशला आठवत नव्हतं. रजा काढता येईल, ते सोड, तो म्हणाला. मग कपाकडे बघत हळूच बोलला, "आई, मला त्यांच्या जवळ जायला अजून भीती वाटते."

"मलापण वाटते," नलिनी म्हणाली. "चल, ब्रश ओला कर."

त्याने पहिल्यांदा केली तेव्हा ती शेजारी उभी होती. बाप आणि मुलगा, दोघेही घामाने भिजले. नितेशचा हात इतका कापत होता की तिने त्याचं कोपर धरून ठेवलं आणि अण्णाचे शब्द जसेच्या तसे त्याला सांगितले. दुसऱ्या खेपेला कोपर सोडलं. तिसऱ्या खेपेला ती मुद्दाम दळण आणायला निघून गेली, आणि परत आली तेव्हा नितेश वडिलांच्या मानेला मलम लावत होता.

लताचं घर गावाबाहेर होतं, मागे काजूची बाग. धाकटी बहीण, विधवा, एकटीच राहणारी. नलिनीला पाहून ती काही विचारत बसली नाही. दोघी सकाळी उठून बागेत जायच्या, पडलेले काजू वेचायच्या, बोंडं एका बाजूला, बिया एका बाजूला. पहिले काही दिवस कुठे भांडं वाजलं तरी नलिनी दचकायची. मग दचकणं कमी झालं.

एका सकाळी टोपली अर्धी भरली असताना नितेशचा फोन आला. दाढी झाली म्हणाला. हनुवटीपाशी जरासं लागलं, पण थांबलं लगेच. काल त्यांनी त्याला स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवू दिला. आज बाबा काहीतरी नवीन बोलतायत, म्हणाला. सकाळपासून दाराकडे बघतात आणि सारखे विचारतात.

"काय विचारतात?"

"खंय गेली, म्हणतात. काय सांगू?"

नलिनी बोंडाच्या रसाने चिकट झालेली बोटं पानाला पुसत उभी राहिली. ती कुठे गेली, हे त्या घरात विचारायची आणि सांगायची वेळ कधी आलीच नव्हती. ती असायचीच. पुढच्या झाडाखाली लता वाकून बिया वेचत होती, मध्येच मान वर करून हिच्याकडे बघत होती.

"सांग त्यांका," नलिनी म्हणाली, "नलिनी भायर गेली हा."

फोन तिने कमरेला खोचला आणि टोपली उचलून पुढच्या झाडाकडे गेली.